नावाजलेल्या हॉटेलात जेवण फसलं, तर टेबलावरच बोला

माणशी दोन-अडीच हजार रुपये मोजून जेवायला जायचं आणि जेवण बेताचंच निघालं, तर आपल्याकडची बहुतेक कुटुंबं काय करतात? टेबलावर गप्प बसतात. वेटरने विचारलं की माना डोलावतात, बिल भरतात, आणि टॅक्सीचं दार लागलं रे लागलं की सुरू होतं, "मासा काय वातड होता!" हेच वाक्य अर्ध्या तासापूर्वी, मासा पानात असताना बोललं असतं तर दुसरा मासा मिळाला असता.

मी विलेपार्ल्याला घरगुती केटरिंग करते. मुंज, डोहाळजेवण, साठीशांत, तीस-चाळीस पानांपर्यंतची कामं घेते. ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला आपण पानात काय वाढलं ते दिसतं, पण जेवणाऱ्याच्या तोंडात ते कसं लागलं ते दिसत नाही. कुणीतरी सांगितलं तरच कळतं. पंगत चालू असताना एखाद्या मावशींनी "अगं, आमटीला मीठ कमी पडलंय" असं सांगितलं तर मी पातेल्यात मीठ घालू शकते. आठवड्याने तिसऱ्याच बाईकडून कळलं तर वाईट वाटण्यापलीकडे माझ्या हातात काही उरत नाही. मोठ्या हॉटेलातला शेफही याच जागी उभा असतो. म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

गेल्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. आम्ही सगळे मिळून लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका फार नावाजलेल्या हॉटेलात गेलो. जेवणाने निराशा केली. हॉटेलचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या मॅनेजरशी माझं समोरासमोर बोलणं झालंय. त्या रात्रीतलं जे तुमच्या उपयोगाचं आहे तेवढं अधेमधे सांगते.

कौतुक नेमकं कशाचं आहे?

हॉटेलचं नाव झालंय म्हणजे कशासाठी झालंय, हे आधी शोधा. दादरच्या 'आस्वाद'ला २०१५ साली लंडनमध्ये पुरस्कार मिळाला तो मिसळीसाठी. त्यामुळे तिथे गेल्यावर काय मागवायचं हा प्रश्नच उरत नाही. महागड्या हॉटेलांचं तसं नसतं. कुणी आतल्या सजावटीचं कौतुक केलेलं असतं, कुणी कॉकटेलचं, कुणी शेफच्या आधीच्या कामाचं, आणि आपण मात्र तिथे मासे-भात चांगला मिळेल म्हणून जातो. आम्ही गेलो त्या हॉटेलाबद्दलचं जेवढं मी वाचलं त्यातलं निम्मं बारबद्दल होतं. आमच्यात दारू घेणारं कुणी नव्हतं.

'मिशेलिन स्टार' हे शब्द मुंबईच्या हॉटेलाबद्दल वाचलेत तर जरा थांबा. मिशेलिन गाईड, म्हणजे हॉटेलांना तारे देणारं नावाजलेलं फ्रेंच गाईड, भारतात अजून आलेलं नाही. तो स्टार शेफच्या आधीच्या हॉटेलाला परदेशात मिळालेला असतो. 'आशियातली ५० सर्वोत्तम रेस्टॉरंट' ही यादी २०१३ पासून निघते. महालक्ष्मीचं 'मास्क' (Masque) हे हॉटेल त्यात गेली काही वर्षं आहे. ही यादी शेफ, अन्नावर लिहिणारे आणि खूप फिरणारे खवय्ये यांच्या मतांवर ठरते. ती मतं अनुभवी माणसांची असतात आणि मला त्यांचा आदर आहे, पण त्यात तुमच्या ७८ वर्षांच्या वडिलांच्या दातांचा आणि पथ्याचा विचार नसतो. तो तुम्हालाच करायचाय.

इन्स्टाग्रामवरच्या रीलखाली 'जाहिरात', 'प्रायोजित', 'सहयोग' असं काही लिहिलंय का बघा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की पैसे, भेटवस्तू किंवा फुकटची सेवा घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं जाहीर करायला हवं. आमंत्रण देऊन बोलावलेल्या पाहुण्याचं ताट आणि आपलं ताट एकाच तन्मयतेने वाढलं जातं असं मी स्वतः स्वयंपाक करत असून म्हणणार नाही.

सामान्य गिऱ्हाइकांची मतं वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून द्या, तीन ताऱ्यांची वाचा. तिथे माणूस काय आवडलं आणि काय नाही ते दोन्ही सांगतो. सगळ्यात नवी आधी लावून वाचा. दोन वर्षांपूर्वीची स्तुती आणि गेल्या महिन्यातली कुरकुर असेल तर शेफ बदललाय का, हे फोन करून सरळ विचारा. गिऱ्हाइकांनी काढलेले फोटोही बघा. हॉटेलच्या फोटोपेक्षा त्यात ताटातला ऐवज किती असतो ते खरं कळतं.

बुकिंगच्या फोनवर विचारायचं

ऑनलाइन बुकिंग करा, पण त्यानंतर एकदा फोन कराच. पाच मिनिटांच्या बोलण्याने अर्धी निराशा टळते.

टेबल किती वेळ आपलं आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी दोन पाळ्या असतात, साडेसातची आणि साडेनऊची. घरात वडीलधारे असतील तर पहिलीच घ्या. तेव्हा स्वयंपाकघर ताजं असतं, ऑर्डरींचा ढीग लागलेला नसतो, आणि अकरा वाजता लोअर परळच्या गल्लीत टॅक्सीसाठी ताटकळावं लागत नाही. फक्त पुढच्या पाळीची वेळ झाली म्हणून तुम्हाला उठवणार का, हे आधी कळायला हवं.

वार निवडा. शुक्रवार-शनिवारी रात्री कुठल्याही स्वयंपाकघराचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. मंगळवार ते गुरुवार बरे. आईचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात म्हणून आम्ही बुधवार घेतला. मासळी खाणाऱ्या घराला बुधवार सोयीचाही.

मासे खायचे असतील तर ते कुठून येतात ते विचारा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तुमच्या पानात आलेलं पापलेट बहुधा बर्फातलं असतं किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेलं असतं. त्यात फसवणूक नाही, पण 'आजची ताजी मासळी' असं मेन्यूवर असेल तर "आज कुठली?" हा प्रश्न रास्त आहे. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो लगेच देतो. आषाढात मला कुणी विचारलं तर मी मासळीच्या महागड्या जेवणाला जाऊच नका म्हणेन. नारळी पौर्णिमा होऊन जाऊ द्या.

मेन्यू ठरलेला आहे की पदार्थ निवडता येतात, हे विचारायला विसरू नका. 'टेस्टिंग मेन्यू' म्हणजे शेफने ठरवलेले आठ-दहा छोटे पदार्थ एकामागून एक येतात. अडीच-तीन तास बसावं लागतं, आणि ऐनवेळी "मला हे नको, दुसरं द्या" चालत नाही. ज्याला नव्या चवीचं कुतूहल आहे त्याने जरूर जावं. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन जाऊ नये.

उपास, कांदा-लसूण, शेंगदाण्याची ॲलर्जी, मधुमेह, हे सगळं याच फोनवर सांगा आणि 'बुकिंगवर लिहून ठेवा' म्हणा. आवाजाचंही विचारा. आम्ही बारपासून लांबचं टेबल मागितलं होतं आणि ते मिळालं. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या एका गोष्टीचा त्या रात्री फार आधार झाला. उजेड मात्र इतका मंद होता की मेन्यू वाचायला मोबाइलची बत्ती लावावी लागली. आता मी मेन्यू आधीच मागवून घेते आणि आई-बाबांना घरी दिवाणखान्यात बसून वाचू देते.

ऑर्डर एका दमात देऊ नका

कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा मुख्य माणूस, वही घेऊन उभा राहतो आणि स्टार्टरपासून गोडापर्यंत सगळं लिहून घ्यायला बघतो. त्याच्या सोयीचं ते आहे. तुम्ही फक्त दोन-तीन स्टार्टर सांगा आणि "बाकीचं खाऊन मग सांगतो" म्हणा. पहिल्या पदार्थात स्वयंपाकघराचा हात कळतो. तो चांगला निघाला तर पुढे मोकळेपणाने मागवा, नाही तर बेत आवरता येतो.

त्या पहिल्या खेपेत एक अगदी साधा पदार्थ असू द्या, जो तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. दहा गोष्टी घातलेल्या पदार्थात काय चुकलं ते सांगता येत नाही. आम्ही तळलेले बोंबील मागवले. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तो चिरून, उघडून, वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढावं लागतं, मग मीठ-हळद-तिखट आणि रव्यात घोळवून तापलेल्या तव्यावर टाकायचा. दाबणं कमी पडलं, किंवा तव्यावर एका वेळी फार टाकले आणि तवा निवला, की बाहेरचा रवा लिबलिबीत होतो आणि आत पाणी राहतं. आमच्या ताटातले बोंबील तसेच होते. वर कैरीची सुंदर चटणी होती, कोवळी कोथिंबीर होती, आणि खाली ओलागच्च मासा.

मी कॅप्टनला हाक मारणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, जाऊ दे. एवढं मोठं हॉटेल आहे, त्यांची तशीच पद्धत असेल."

"बाबा, बोंबील आतून ओला राहण्याची पद्धत कुठेच नसते," मी म्हटलं.

बाबांच्या त्या एका वाक्यात आपली सगळी भीड आहे. कोपऱ्यावरच्या खाणावळीत हेच बाबा "आज कालवण पाणचट झालंय हो" असं मोठ्याने सांगतात. काचेचा दरवाजा आणि जाड कापडी नॅपकिन आला की त्यांना वाटतं, चूक आपल्या जिभेचीच असेल. आयुष्यभर मालवणी जेवण जेवलेल्या माणसाची जीभ बोंबलाच्या बाबतीत कुठल्याही समीक्षकापेक्षा कमी नाही, हे मला त्यांना फार मनापासून सांगावंसं वाटतं. तुमच्या घरातल्या बाबांनाही सांगा.

सांगायचं कसं

दोन घास खा आणि थांबा. अर्धं ताट संपवून तक्रार केली की ती कितीही खरी असो, तिचं वजन जातं. एका घासात घाई होते, दोन घासांत खात्री पटते. चव बघायला शेजारच्यालाही द्या. त्यालाही तसंच लागलं तर बोलवा.

बोलवायचं कॅप्टनला. पाणी वाढणाऱ्या पोराला पदार्थ परत नेण्याचा अधिकार नसतो, आणि त्याच्यावर आवाज चढवणं हा अन्याय आहे. कॅप्टनलाही आवाज चढवून बोलायचं नाही. शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं बोललात की तो तुमचं ऐकण्याऐवजी प्रसंग आवरायला बघतो.

काय बिघडलंय ते एका वाक्यात, नेमकं सांगा आणि लगेच काय हवंय तेही सांगा. "मजा नाही आली" या वाक्यावर स्वयंपाकघरात काहीही करता येत नाही. मी म्हटलं, "दादा, बोंबलाला पाणी सुटलंय, रवा मऊ पडलाय. जरा बघता का? नीट दाबून, कडक तव्यावर दुसरे करून मिळतील का?" कॅप्टन कोकणातलाच होता. त्याने काट्याने एक तुकडा उघडून पाहिला, एक शब्द न बोलता ताट उचललं, आणि वीसेक मिनिटांत दुसरे बोंबील आले. कडकडीत. बाबांनी त्यातले चार खाल्ले.

अशी आणखी काही वाक्यं हाताशी असू द्या. "सूप कोमट आहे, गरम करून द्या." गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावं असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे, तेव्हा कोमट ताटाबद्दल बोलताना संकोच नको. "चिकन हाडापाशी लाल आहे, हे मी खाणार नाही." "मेन्यूत खेकडा लिहिलाय, यात मला खेकडा सापडत नाही." "आम्ही पाऊण तास थांबलोय, किती वेळ लागेल ते खरं सांगा." शेवटच्या वाक्यातला 'खरं' महत्त्वाचा. "दोनच मिनिटं" ऐकत बसण्यापेक्षा "वीस मिनिटं" ऐकलेलं बरं, तोवर आईसाठी निदान भात मागवता येतो.

आता एक भेद मनाशी पक्का करा. बिघडलेला पदार्थ वेगळा आणि न आवडलेला वेगळा. त्या रात्री सोलकढी पेल्यात न येता सुरमईवर फेस म्हणून आली. आईला तो प्रकार अजिबात पटला नाही, मलाही नाही. पण मेन्यूवर तसं लिहिलेलं होतं आणि फेस नीट जमलेला होता. नारळाचं दूध फाटलं नव्हतं, आमसुलाचा आंबटपणा जागेवर होता. ती शेफची निवड होती. तिथे मी एवढंच म्हटलं की आम्हाला पेल्यातली आवडली असती. पैसे कमी करा म्हणण्याचा तिथे हक्क नाही. खालची सुरमईची तुकडी मात्र जास्त शिजून कोरडी ठक्क झाली होती, काटा लावला की भुसा पडत होता. तो दोष होता, आणि तो मी वेगळा सांगितला.

सुरमई पुन्हा करून देतो म्हणाले, पण तोवर बाबांची औषधाची वेळ झाली होती. अशा वेळी दुसरा पदार्थ स्वीकारायची सक्ती नाही. "आता वेळ नाही, हा बिलातून काढा" असं म्हणता येतं. मात्र तो पदार्थ खाऊन संपवलेला नसावा. मॅनेजर आला, त्याने तुकडी पाहिली आणि काढली. याहून मोठं काही मी मागितलं नाही. सगळं बिल माफ करा असं म्हणणाऱ्यांमुळे पुढच्या खऱ्या तक्रारवाल्याकडे संशयाने बघितलं जातं.

मॅनेजरने हो-ना केलं तर? मग शांतपणे "शेफशी बोलता येईल का?" विचारा. चांगल्या हॉटेलात शेफ बाहेर येतो. मी शेफ असते तर आले असते.

बिल वाचा, सगळ्यांसमोर वाचा

जेवण छान झालं असलं तरी वाचा. आधी पदार्थ जुळवा, परत गेलेला पदार्थ बिलात राहिलेला नाही ना ते बघा. बाटलीतलं पाणी न विचारता उघडलं असेल तर तेही दिसेल. हॉटेलात बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. म्हणून बसल्या बसल्याच "साधं पाणी द्या" म्हणावं.

मग सर्व्हिस चार्ज. हा सरकारी कर नाही, हॉटेलने लावलेली रक्कम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, की ही रक्कम आपोआप बिलात घालता येणार नाही आणि ती गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती तत्त्वं उचलून धरली. रेस्टॉरंटच्या संघटनांनी त्यावर अपील केलंय. आकड्यांत बघा. जेवण ८,४०० रुपयांचं. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ८४०. मग ५ टक्के जीएसटी या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे ९,२४० वर, ४६२. एकूण ९,७०२. सर्व्हिस चार्ज काढला तर जीएसटी ४२० आणि एकूण ८,८२०. फरक ८८२ रुपयांचा. तुम्ही ८४० काढायला सांगता तेव्हा त्यावरचा करही जातो, तेव्हा बिल नव्याने छापून घ्या, पेनाने खोडलेलं घेऊ नका.

म्हणायचं इतकंच: "सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या, मी वाढणाऱ्यांना वेगळं देणार आहे." आणि मग खरोखर द्या. मी रोख दिले, कॅप्टनच्या आणि आमच्या टेबलावर वाढणाऱ्या मुलाच्या हातात. बोंबील त्यांनी तळले नव्हते. त्यांनी मात्र तक्रार ऐकून घेतली, ताट उचललं, बाबांची खुर्ची दोनदा सरकवून दिली. स्वयंपाक फसला म्हणून वाढणाऱ्याची टिप कापणं मला पटत नाही.

जीएसटी साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. पंचतारांकित हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटात, म्हणजे जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे तिथे, १८ टक्के लागतो. आई-बाबांच्या कार्यक्रमाचं अंदाजपत्रक करताना हा फरक धरा, सात-आठ माणसांत तो सहज हजारापुढे जातो. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, आणि तो बिलात वेगळा दाखवलेला असतो. त्या खान्यात तुमचं कोकम सरबत जाऊन बसलं नाही ना, बघा.

बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो. बिलाचा फोटो काढून ठेवा. उष्णतेने छापलेली पावती हळूहळू पुसट होते.

घरी आल्यावर

टेबलावर प्रश्न सुटला असेल तर विषय तिथेच संपवा. सुटला नसेल, किंवा तुम्हाला आणखी सांगायचं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलला मेल करा. रात्री करू नका, शब्द तिखट होतात. मी लिहिलं ते साधारण असं:

"काल रात्री साडेसातच्या बुकिंगवर आम्ही आपल्याकडे जेवलो. बिल क्रमांक सोबत आहे. पहिले बोंबील आतून ओले होते. सांगितल्यावर लगेच बदलून दिले आणि दुसरे उत्तम होते. सुरमई जास्त शिजलेली होती. ती बिलातून काढली, त्याबद्दल आभार. उजेड इतका कमी आहे की ज्येष्ठांना मेन्यू वाचता येत नाही. मोठ्या अक्षरांतला मेन्यू ठेवावा ही विनंती. टेबल आम्ही मागितलं तसं शांत जागी दिलंत, वाढणारी मंडळी फार चांगली होती. आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी आम्ही आपली निवड केली होती, म्हणून हे मनापासून कळवते आहे."

यात तारीख, वेळ, बिल, काय चुकलं, त्यावर काय झालं आणि काय चांगलं होतं, एवढं आलं. दोषाला विशेषण लावायची गरज पडत नाही.

लोकांसाठी मत लिहायचं असेल तर हेच लिहा. तुम्ही पाहिलं आणि चाखलं तेवढंच. "शिळी मासळी वापरतात" हे तुम्हाला ठाऊक नसतं, "माझ्या ताटातल्या मासळीला वास होता" हे ठाऊक असतं. तक्रारीवर हॉटेल कसं वागलं तेही लिहा, वाचणाऱ्याला तेच सगळ्यात उपयोगी पडतं. टेबलावर चकार शब्द न काढता घरी येऊन एक तारा देणं मला योग्य वाटत नाही. त्या शेफला सुधारायची संधीच मिळालेली नसते.

पुढची पायरी क्वचितच लागते, म्हणून थोडक्यात. सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला, चुकीचं बिल लावलं, आगाऊ रक्कम परत केली नाही, अशा गोष्टींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. चव आवडली नाही, या कारणासाठी मात्र तिकडे जाता येत नाही. जेवणानंतर उलट्या-जुलाब झाले तर आधी डॉक्टरकडे जा, चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा, कोण काय जेवलं आणि कुणाला त्रास झाला ते त्याच दिवशी लिहून काढा, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. बरोबर बांधून आणलेलं उरलं असेल तर टाकू नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

मेलला उत्तर बहुतेक येतं, आणि त्यात पुन्हा येण्याचं आमंत्रण असतं. फुकट गोडाचं कूपन असेल तर मुदत कधीपर्यंत आहे, शनिवार-रविवार चालतं का, किमान किती बिल करावं लागतं, हे तीन प्रश्न उलट मेलने विचारून घ्या. परत जायचंच असेल तर सगळं कुटुंब नेऊ नका. दोघंच जा, दुपारी जा. बऱ्याच महागड्या हॉटेलांत आठवड्यातल्या दिवशी दुपारचं ठरलेलं जेवण रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतं, उजेड असतो, आणि स्वयंपाकघराला उसंत असते. गेल्या वेळी फसलेला पदार्थच मागवा. मी लेकीला घेऊन तशी गेले आणि सुरमई मागवली. तुकडी रसाळ होती, सोलकढी विचारल्यावर पेल्यात दिली. बाबांच्या वाढदिवसाचं टेबल मी त्यांच्याकडेच सांगून आले, साडेसातचं, बारपासून लांबचं, आणि टेबलावर दिवा ठेवायला सांगून.